टर्बो इंजिनासाठी हेड गॅस्केट आणि हेड स्टड कसे निवडावेत

टर्बो इंजिनात हेड आणि ब्लॉक यांच्या मधली फट बंद ठेवणारे हेड गॅस्केट उडाले की गाडीचा मालक बहुधा दोन गोष्टी मागवतो : पहिल्यापेक्षा जाड आणि महाग गॅस्केट, आणि त्यासोबत परदेशी स्टडचा, म्हणजे ब्लॉकमध्ये उभ्या बसवून वरून नटाने हेड आवळायच्या आटेदार दांड्यांचा, संच. दोन्ही वस्तू उत्तम असूनही काही महिन्यांत तेच हेड पुन्हा उतरवावे लागते, कारण पहिले गॅस्केट कशामुळे उडाले हे कोणी मोजलेलेच नसते. हेड, गॅस्केट, स्टड आणि ब्लॉक मिळून एकच सांधा बनतो, आणि त्यातला कोणताही भाग उरलेल्या तिघांची मापे हाती आल्याशिवाय नीट निवडता येत नाही. म्हणून या लेखात मोजमाप आधी आहे आणि खरेदी बरीच नंतर.

उदाहरणासाठी फोक्सवॅगन समूहाचे १.८ लिटरचे, २० व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन घेतले आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यामुळे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आपल्याकडे परिचयाची झाली. तिच्या आपल्याकडच्या आरएस आवृत्तीत हेच १५० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि ते जपणारे, वाढवणारे हौशी लोक आजही आहेत. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८१ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६.४ मिलिमीटर, घनफळ १७८१ सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे गुणोत्तर) ९.५ आहे, ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि हेड धरून ठेवणारे बोल्ट दहा, एम १० (१० मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या) मापाचे. आपले इंजिन वेगळे असल्यास याच जागी आपले आकडे घालावेत, रीत तीच राहते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावरच्या गाडीत उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करण्यावर बंधने आहेत, आणि विमा कंपनीही अपघातानंतर याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते, त्यामुळे शक्ती वाढवण्याचे काम शर्यतीच्या किंवा बंदिस्त ट्रॅकच्या गाडीपुरते ठेवणे शहाणपणाचे.

पहिली पायरी : सिलिंडरमध्ये किती दाब येणार ते ठरवावे

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, ‘हे गॅस्केट किती बूस्टपर्यंत, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या किती दाबापर्यंत, टिकेल?’ हा प्रश्नच अपुरा आहे, कारण गॅस्केटला बूस्ट कळत नाही, त्याला सिलिंडरमधला कमाल दाब कळतो. तो दाब बूस्टवर अवलंबून असतो हे खरे, पण तेवढाच तो कॉम्प्रेशन रेशो, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), इंधनाचा ऑक्टेन आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांवरही अवलंबून असतो. त्याच बूस्टवर टायमिंग काही अंश पुढे नेले तर कमाल दाब लक्षणीय वाढतो, आणि म्हणूनच एकाच बूस्टवर चालणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीचे गॅस्केट वर्षानुवर्षे टिकते तर दुसरीचे एका दुपारीत जाते. ढोबळ अंदाजासाठी इतके लक्षात ठेवावे की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात कमाल दाब साधारण ६० ते ८० बार असतो, टर्बो पेट्रोल इंजिनात तो १०० ते १२० बारपर्यंत सहज जातो आणि आधुनिक टर्बो डिझेलमध्ये १६० ते १८० बार ही नेहमीची गोष्ट आहे.

आता या दाबाचे बळात रूपांतर करू. वायूचा दाब गॅस्केटच्या गोल कडेपर्यंत पोहोचतो, आणि ही कड बोअरपेक्षा थोडी मोठी, समजा ८३ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे क्षेत्रफळ ५४ चौरस सेंटिमीटर भरते. १०० बार दाबाला हेड वर उचलू पाहणारे बळ होते सुमारे ५४ हजार न्यूटन, म्हणजे साडेपाच टन. १२० बारला ते साडेसहा टनांवर जाते. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर हा धक्का सेकंदाला ५० वेळा देतो.

समोरच्या बाजूला बोल्ट आहेत. १०.९ दर्जाचा एम १० बोल्ट आपल्या मर्यादेपर्यंत आवळला तर आवळताना येणारा पीळ वजा जाता सुमारे ४५ हजार न्यूटनचा ताण धरतो. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट येतात. त्यांतले मधले बोल्ट शेजारच्या सिलिंडरशी वाटून घेतलेले असले तरी शेजारी एकाच क्षणी पेटत नाहीत. चार बोल्टांचे मिळून एक लाख ऐंशी हजार न्यूटन झाले, म्हणजे वायूच्या बळाच्या तिपटीहून अधिक. मग भीती कशाची, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे आवळणीचे बळ केवळ सिलिंडरच्या कडेवर पडत नाही. पाण्याच्या आणि ऑइलच्या मार्गांभोवतीची कडही त्यातलाच वाटा घेते. शिवाय दोन बोल्टांच्या मधोमध हेड किंचित वाकते, म्हणून तिथला दाब बोल्टाजवळच्या दाबापेक्षा कमी असतो. गॅस्केट उडते ते नेमके तिथे, बहुधा दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टीवर.

या सगळ्या हिशेबाला एक गोष्ट उधळून लावते, ती म्हणजे नॉकिंग. इंधनाचा उरलेला भाग ज्योत पोहोचण्याआधीच भडकतो तेव्हा दाबाच्या तीव्र लाटा उठतात, कडेजवळचे तापमान वाढते आणि गॅस्केटची कड हातोडीच्या घावांसारखे तडाखे खाऊ लागते. आपल्याकडे पंपावर साधे ९१ ऑक्टेनचे, त्यावरचे ९५ चे आणि निवडक शहरांत १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळते. ९५ वर जुळवलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी ९१ भरून घाट चढवली तर कोणत्याही कंपनीचा स्टड ते गॅस्केट वाचवू शकत नाही. उलट अतिशय मजबूत स्टडांमुळे हेड उचलले जात नाही आणि तोच मार पिस्टनवर पडतो. म्हणून आधीचे गॅस्केट उडालेले असेल तर नवी खरेदी करण्यापूर्वी स्पार्क प्लगवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात का, पिस्टनच्या कडेला खड्डे पडले आहेत का हे पाहावे, आणि टायमिंग किती मागे खेचले जात होते याची ईसीयूतील (इंजिनाच्या संगणकातील) नोंद काढून घ्यावी.

दुसरी पायरी : मोजमाप

यासाठी चांगली सरळपट्टी, फीलर गेज, डायल गेज, बोअर गेज आणि एक काचेची ब्युरेट इतकी साधने पुरतात. हेड आणि ब्लॉक या दोन्हींवर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरून खाली फीलर जातो का ते पाहावे. या इंजिनाच्या हेडसाठी ०.१ मिलिमीटर ही कमाल वाकडेपणाची मर्यादा आहे, पण बूस्ट वाढवायचा असेल तर मी ०.०५ च्या वर समाधान मानत नाही. ब्लॉककडे फार जण पाहतच नाहीत. तापून गेलेल्या इंजिनात बोल्टच्या भोकांभोवती ब्लॉकचा धातू वर ओढला गेलेला असतो आणि ते उंचवटे सरळपट्टीखाली लगेच कळतात.

बोअर दोन दिशांत आणि तीन खोलींवर मोजावा. इंजिन आधी ओव्हरसाइझ (बोअर कापून मोठा) झाले असेल तर गॅस्केटचा गोल त्यानुसार घ्यावा लागतो : बोअरपेक्षा साधारण एक ते दीड मिलिमीटर मोठा गोल घेतला, तर आवळल्यावर गॅस्केटची कड सिलिंडरमध्ये डोकावत नाही. ती किंचितही डोकावली तर लालबुंद तापते आणि तीच नॉकिंगची ठिणगी बनते. उलट गोल फार मोठा घेतला तर कडेला न जळणारे मिश्रण साठवणारी खोबण तयार होते आणि दोन सिलिंडरांमधली आधीच अरुंद पट्टी आणखी अरुंद होते.

त्यानंतर पिस्टन सर्वांत वर असताना तो ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किती खाली किंवा वर आहे ते डायल गेजने मोजावे. हेडमधल्या ज्वलनकक्षाचे घनफळ काढण्यासाठी व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवून हेड उलटे, थोडे तिरपे ठेवावे, कडेला ग्रीस लावून वर छिद्र असलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची चकती बसवावी आणि ब्युरेटमधून पातळ ऑइल सोडत हवेचा शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत भरावे. चारही कक्ष मोजावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण पुढचा प्रत्येक निर्णय या आकड्यांवर उभा राहतो.

तिसरी पायरी : जाडी

कॉम्प्रेशन कमी करण्यासाठी जाड गॅस्केट घालणे हा सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत वाईट उपाय आहे. हिशेब करून पाहा. या इंजिनाच्या एका सिलिंडरचे घनफळ ४४५ सीसी आहे, रेशो ९.५ असल्यामुळे पिस्टन वर असताना उरलेली जागा ५२.४ सीसी भरते. आवळल्यानंतरची जाडी मूळ गॅस्केटपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त असेल तर ८३ मिलिमीटरच्या गोलात २.७ सीसींची भर पडते, उरलेली जागा ५५.१ सीसी होते आणि रेशो उतरतो ९.१ वर. अर्ध्या मिलिमीटरच्या जाडीने मिळाले काय, तर जेमतेम चार दशांशांची घट.

त्या बदल्यात जे गमावले ते जास्त महत्त्वाचे आहे. ज्या इंजिनांत पिस्टनच्या कडेचा सपाट भाग हेडच्या सपाट भागाला अगदी जवळ येतो, त्यांत ही फट मिश्रण जोरात मध्यभागी ढकलते, ज्वलन वेगाने पुरे होते आणि नॉकिंग कमी होते. साधारणपणे ही फट ०.८ ते १.२ मिलिमीटर ठेवतात. ती वाढवली की मिश्रणाची घुसळण कमी होते, आणि रेशो उतरूनही नॉकिंग पूर्वीपेक्षा वाढल्याचे उदाहरण दुर्मीळ नाही. जाडीमुळे हेड वर सरकते, त्यामुळे टायमिंग बेल्टचा मार्ग बदलून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्टही किंचित मागे पडतो. म्हणून कॉम्प्रेशन खरोखर कमी करायचे असेल तर खोलगट माथ्याचे पिस्टन घ्यावेत आणि गॅस्केट मूळ जाडीच्या जवळपास ठेवावे.

जाड गॅस्केटचा एक रास्त उपयोग मात्र आहे. हेड फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करताना ०.२ मिलिमीटर धातू निघाला असेल तर तेवढ्याच जादा जाडीने मूळ अंतर परत मिळते. फेसिंगनंतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर तपासणे आवश्यक आहे. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातली माती लावून, जुन्या गॅस्केटसह हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि मातीचा सर्वांत पातळ भाग मोजला की ते कळते.

डिझेलमध्ये जाडीची निवड मालकाच्या मनावर सोडलेलीच नसते. त्याच ऑक्टेव्हियाच्या १.९ टीडीआय इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या वर येतो, आणि तो किती वर येतो त्यावरून गॅस्केट ठरते : सर्वांत उंच पिस्टन ०.९१ ते १.०० मिलिमीटर वर असेल तर एका छिद्राचे, १.०१ ते १.१० असेल तर दोन छिद्रांचे आणि १.११ ते १.२० असेल तर तीन छिद्रांचे. जुन्या गॅस्केटच्या कडेवरची छिद्रे पाहून नवे आणणे चालते, पण फक्त ब्लॉक, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना हात लागलेला नसेल तेव्हाच.

चौथी पायरी : गॅस्केटचा प्रकार

जुन्या पद्धतीच्या काँपोझिट गॅस्केटमध्ये पत्र्याच्या गाभ्यावर तंतुमय थर आणि सिलिंडरभोवती धातूचे कडे असते. ते मऊ असल्याने थोडा खडबडीत पृष्ठभागही खपवून घेते, पण चेपत राहते. याचा अर्थ समजण्यासाठी बोल्टकडे स्प्रिंग म्हणून पाहावे. शंभर मिलिमीटर लांबीचा बोल्ट पूर्ण आवळल्यावर साधारण ०.४ मिलिमीटर लांबलेला असतो. त्या लांबण्यातच सगळी पकड आहे. गॅस्केट नंतर केवळ ०.०५ मिलिमीटर बसले तरी पकडीचा आठवा भाग निघून जातो. मूळ शक्तीच्या इंजिनाला हे चालून जाते, वाढीव बूस्टच्या इंजिनाला चालत नाही.

एमएलएस, म्हणजे स्प्रिंगसारख्या पोलादी पत्र्याच्या अनेक थरांचे गॅस्केट, हा आज जवळजवळ प्रत्येक टर्बो इंजिनासाठी योग्य पर्याय आहे. त्यात सिलिंडरभोवती उठवलेल्या वळ्या असतात. हेड सूक्ष्म अंतराने वर-खाली होत असताना त्या वळ्या स्प्रिंगप्रमाणे त्याचा पाठलाग करतात. बाहेरच्या थरांवर रबरासारखे पातळ लेपन असते. बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असलेल्या इंजिनात या लेपनाचे आणखी एक काम आहे : अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे तापताना हेड गॅस्केटवरून सरकू पाहते आणि इंजिन गरम-थंड होताना दर वेळी ही घसट चालू असते, ती हे लेपन सोसते. १.८ टर्बोला एमएलएस गॅस्केट मूळचेच मिळते, आणि मध्यम वाढ करणाऱ्या मालकाला एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झसारख्या मूळ पुरवठादाराचे नवे गॅस्केट पुरेसे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. बोअर वाढवला असेल किंवा वेगळी जाडी हवी असेल तर कॉमेटिक किंवा अथेनासारख्या कंपन्यांकडे वळावे. मागवताना गोलाचा व्यास आणि जाडी सांगावी, आणि ती जाडी आवळल्यानंतरची आहे ना हे विचारून घ्यावे.

तांब्याचे अखंड गॅस्केट ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांत दिसते. त्यासाठी ब्लॉक किंवा हेडमध्ये खोबण कोरून तारेचे कडे बसवावे लागते आणि पाण्याचे मार्ग वेगळ्या सीलंटने बंद करावे लागतात. रोज चालणाऱ्या गाडीसाठी ते नको.

गॅस्केट हाती आल्यावर ते कोरड्या ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळते का पाहावे. पाण्याची काही भोके ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा मुद्दाम लहान असतात. त्यांच्यामुळेच पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत पोहोचते. ‘अडथळा’ समजून ती मोठी करणारे कारागीर मी पाहिले आहेत.

पाचवी पायरी : पृष्ठभाग

एमएलएस गॅस्केट निकामी होण्याचे सर्वांत सामान्य कारण बूस्ट नसून खडबडीत फेसिंग आहे. पोलादाचा थर खरवडीच्या चऱ्या भरून काढू शकत नाही. ते काम केवळ काही मायक्रॉन जाडीच्या लेपनाचे असते. म्हणून बहुतेक उत्पादक पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आसपास मागतात, काही जण १.२५ मायक्रॉनपर्यंत चालवून घेतात. नख फिरवून हा आकडा कळत नाही, त्यासाठी खडबडीतपणा मोजणारे यंत्र लागते. ते यंत्र ज्याच्याकडे आहे, आणि कामानंतर मोजून आकडा लिहून देण्याची ज्याची तयारी आहे, अशाच कारखान्यात हेड द्यावे. माझ्या पहिल्या एमएलएस गॅस्केटला तिसऱ्या आठवड्यात पाझर लागला, तेव्हा दोष गॅस्केटचा नव्हता आणि बोल्टचाही नव्हता. फेसिंगच्या जुन्या दगडाने हेडवर उठवलेल्या गोल चऱ्यांतून कूलंट आरामात वाट काढत होते. कारागीर म्हणाला की याच फेसिंगवर तो वीस वर्षे हेड बसवत आला आहे, आणि ते खरेही होते, कारण ती सगळी गॅस्केटे काँपोझिट होती.

जुने गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला लावायची घासणारी चकती वापरू नये. तिने अ‍ॅल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, आणि तिची भुकटी ऑइलमध्ये उतरून क्रँकशाफ्टची बेअरिंगे खाते. प्लास्टिकचे खरवडणे, द्रावक आणि धीर इतकेच वापरावे.

सहावी पायरी : बोल्ट की स्टड

या इंजिनाचे मूळ बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते आधी ठरावीक टॉर्कवर (फिरवण्याच्या जोरावर) आणि मग अंशांत मोजलेल्या फेऱ्यांनी इतके आवळतात की त्यांचा धातू लवचीकपणाच्या मर्यादेवर येतो. ही पद्धत कमी दर्जाची मुळीच नाही. उलट सर्व बोल्टांना जवळपास समान ताण देण्याचा तो उत्तम मार्ग आहे. नवे मूळ बोल्ट, नवे मूळ गॅस्केट आणि सपाट पृष्ठभाग एवढ्यावर माफक वाढ केलेले इंजिन निर्धास्त चालते.

स्टड नेमके काय देतो हे समजून घेतले की जाहिरातीची भुरळ पडत नाही. एआरपी या अमेरिकी कंपनीच्या साध्या स्टडांचे ८७४० पोलाद चौरस मिलिमीटरला १३०० ते १४०० न्यूटनपर्यंत ताण सोसते, तर १०.९ दर्जाचा बोल्ट हजाराच्या थोडा वर. पण स्टड त्याच्या मर्यादेच्या पाऊण भागापर्यंतच आवळायचा असतो, आणि मूळ बोल्ट मर्यादेपर्यंत. त्यामुळे प्रत्यक्ष पकडीतला फरक छापलेल्या आकड्यांइतका मोठा निघत नाही. खरा फायदा राखीव ताकदीत आहे : हेड उचलण्याचा प्रयत्न झाला तर मर्यादेवरचा बोल्ट कायमचा लांबतो आणि पकड सोडतो, स्टड मात्र ताणून परत मूळ लांबीवर येतो. शिवाय स्टड पुन्हा वापरता येतो, आणि हेड वारंवार उतरवावे लागणाऱ्या शर्यतीच्या गाडीत ब्लॉकच्या आट्यांची झीज वाचते, कारण फिरतो तो वरचा नट. ब्लॉकमधला स्टड जागचा हलत नाही. आवळताना स्टडवर पीळही कमी येतो, म्हणून टॉर्कचे वाचन अधिक भरवशाचे ठरते.

त्यावरचा दर्जा एआरपी २०००, सुमारे १५०० न्यूटनचा. फार मोठ्या बूस्टसाठी तो घ्यावा. त्याहूनही वरच्या एल १९ पोलादाच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. ते १८०० न्यूटनच्या जवळ जाते, पण ओलाव्याने आणि घामाच्या हाताने स्पर्श केल्यानेही त्यात सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात असा स्टड उघड्या रॅकवर ठेवणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणेच. नकली मालाबद्दलही सावध राहावे. पाकिटावरच्या नावापेक्षा स्टडच्या टोकावरची खूण, आटे कापलेले आहेत की रोल केलेले, आणि सोबत टॉर्कचा कागद आणि वंगणाची पुडी आहे का हे पाहावे.

मजबूत स्टडाची किंमत ब्लॉकला मोजावी लागते, हे फार थोडे जण सांगतात. पकड वाढली की सिलिंडरची भिंत वरच्या टोकाशी किंचित आत-बाहेर होते आणि गोल बोअर गोल राहत नाही. म्हणून इंजिन बोअर करायचेच असेल तर होनिंगच्या (बोअर आतून अखेरचा घासण्याच्या) वेळी ब्लॉकवर जाड पोलादी टॉर्क प्लेट, त्याच स्टडांनी आणि त्याच टॉर्कवर, आवळून घ्यावी. बिडाच्या ब्लॉकमध्ये आटे स्टडच्या व्यासाच्या किमान दीडपट आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये दुप्पट खोलीपर्यंत पकडलेले असावेत. अ‍ॅल्युमिनियमचे आटे शंकास्पद वाटले तर आधी पोलादी बुश बसवून घ्यावे.

सातवी पायरी : बसवणे

भोकांतले जुने आटे साफ करण्यासाठी आटे फक्त झाडणारे साधन घ्यावे. नवीन आटे कापणारा टॅप धातू काढून पकड सैल करतो. त्यानंतर प्रत्येक भोक हवेने फुंकून कोरडे करावे. बंद भोकाच्या तळाशी ऑइल किंवा पाणी राहिले आणि वरून स्टड आला तर ते द्रव दबत नाही, ब्लॉकच फुटतो. भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असेल तर तिथे आट्यांना सीलंट लावावा लागतो. स्टड ब्लॉकमध्ये फक्त हाताच्या जोराने बसवावेत. ते पाना लावून आवळण्याची सवय जुन्या कारागिरांना असते आणि तिथेच काम बिघडते.

स्टड उभे झाल्यावर गॅस्केट, मग हेड वरून सरळ उतरवावे. हेड तिरपे घासत आले तर लेपन तिथेच खरवडले जाते. वॉशरची चॅम्फर (तिरकी कापलेली कड) असलेली बाजू वर ठेवावी. नट घालण्यापूर्वी पान्याचा सॉकेट कॅमशाफ्टला अडत नाही ना, हे एकदा रिकाम्या हेडवर पाहून घ्यावे.

टॉर्क पान्याने दिलेल्या जोरातला सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो आणि जेमतेम १० टक्के भाग स्टड ताणतो. म्हणून वंगण बदलले की ताण बदलतो. कागदावर कंपनीचे वंगण लिहिले असेल आणि आपण इंजिन ऑइल लावले तर पाना ठरल्या आकड्यावर ‘टक्’ करेल, पण स्टड अपुराच ताणलेला राहील. वंगण आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वॉशरच्या वरच्या बाजूला लावावे, वॉशरच्या खाली नाही.

एककांत होणारी चूक याहून मोठी. अमेरिकी कागदावर आकडा फूट-पौंडांत असतो, आपला पाना न्यूटन-मीटरमध्ये आणि जुन्या गॅरेजमधला किलोग्रॅम-मीटरमध्ये. ८० फूट-पौंड म्हणजे १०८ न्यूटन-मीटर किंवा ११ किलोग्रॅम-मीटर. ८० चा आकडा पाहून ८० न्यूटन-मीटरवर थांबले तर आवळणी पाव भागाहून अधिक कमी पडते, आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. तीनही एककांतले आकडे खडूने हेडशेजारी लिहून ठेवावेत आणि मधल्या नटांपासून बाहेरच्या बाजूला, सांगितलेल्या क्रमाने, किमान तीन टप्प्यांत आवळावे.

आठवी पायरी : पहिले दिवस

कूलंटमधली हवा पूर्ण काढल्यावर इंजिन सुरू करून पंखा दोनदा चालू होईपर्यंत तापवावे, मग रात्रभर थंड होऊ द्यावे. पुन्हा आवळायचे की नाही, हे गॅस्केट आणि स्टड यांचा कागद सांगेल तसे. आवळायचे असल्यास इंजिन पूर्ण थंड असताना, एका वेळी एकच नट, त्याच क्रमाने. पहिले काहीशे किलोमीटर बूस्ट कमी ठेवावा.

रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहावा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा होज मऊ असायला हवा. तो फुगलेला आणि कडक लागला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. बूस्टवर जोरात चालवल्यानंतर कूलंटच्या बाटलीतली पातळी चढणे, पण हळू चालवताना सारे ठीक असणे, हे हेड उचलले जात असल्याचे लक्षण आहे. शंका असल्यास बाटलीच्या तोंडावर निळ्या द्रवाची चाचणीनळी लावावी. द्रव पिवळा झाला तर ज्वलनवायू पाण्यात आहे हे नक्की.

हेड पुन्हा उतरवावेच लागले तर जुने गॅस्केट पुसूनसुद्धा घेऊ नये, आधी ते नीट पाहावे. दोन सिलिंडरांमधली वळी तडकलेली असेल आणि तिच्या कडा ठोकल्यासारख्या दिसत असतील तर टायमिंग आणि इंधन तपासावे. वळी शाबूत आहे पण तिच्यावरून काजळीची पट्टी बाहेर गेली असेल तर आवळणी कमी पडली, म्हणून पाना, वंगण आणि एकके तपासावीत. काजळी नाही, पण पाण्याच्या भोकाभोवती लेपनावर बारीक गोल रेषा उमटल्या असतील तर फेसिंग करणाऱ्याकडे परत जावे आणि या वेळी खडबडीतपणाचा आकडा लिहून घ्यावा.